उरलेल्या साबणाची वडी

"चुलीवर काय हाय?" हवालदारानं विचारलं.

"साबण," शकुंतला म्हणाली.

नाथाजी हवालदार पातेल्यावर वाकला. आत पिवळट-गुलाबी असं काहीतरी घट्ट रटरटत होतं. तिनं ढवळणं थांबवलं नाही. 

"साबण शिजवताय व्हय? आमच्यात पिठलं शिजवत्यात."

बरोबरचा शिपाई जोतीराम खिदळला. शकुंतलेच्या कडेवरची छबू त्याच्या टोपीकडे टक लावून बघत होती.

"लढाई सुरू झाल्यापासून धड साबण मिळतो का कुठे?" शकुंतला म्हणाली. "अंगाचा, धुण्याचा, झिजून चकती उरली की डब्यात टाकते. डबा भरला की किसायचं, घोटभर पाण्यात वितळवायचं आणि करवंटीत ओतायचं. थिजलं की वडी होते. नवा साबण आणायला नको."

आपण फार बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं. कॉलेजात तोंडी परीक्षेलाही असंच व्हायचं. भीती वाटली की उत्तर लांबायचं.

"शिकल्याली माणसं," हवालदार म्हणाला. "बरं, मास्तर कवा आलं?"

"ते भूमिगत झाल्यापासून या घरात आलेले नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"म्हाइत हाय. पर परसात गडीमाणूस दिसला अशी खबर हाय. वाईतल्या भिंतींना नुसतं कान न्हाईत मास्तरीणबाई, डोळंबी हायत."

त्यानं मान हलवली आणि जोतीराम माजघरात शिरला. गाद्या उलटल्याचा आवाज आला. मग कणगीवरचं झाकण आदळलं.

माळ्यावर, सरपणाच्या मोळ्यांमागे, तो श्वास धरून बसला होता. सापडला असता तर त्याची सुटका नव्हती. आसरा दिला म्हणून तिलाही नेलं असतं. मग छबूला रात्री कोण थोपटणार, याच्यापुढे तिचं डोकं चालत नव्हतं.

हवालदारानं पुन्हा वाकून वास घेतला.

"ह्यात दाढीचा साबण हाय."

पळी थांबली.

काल माळ्यावरून खाली आलेल्या दाढीच्या वाटीत नखाएवढा पांढरा तुकडा चिकटला होता. काही वाया घालवायचं नाही, ही हाताची सवय. हातानं तो डब्यात टाकला, डोक्याला विचारलंच नाही.

"आवं, हितली समदी माणसं न्हाव्याकडं जात्यात," हवालदार सावकाश म्हणाला. "गडी न्हाई त्या घरात दाढीचा साबण कुठनं आला?"

"माझे वडील सांगलीला वकील आहेत. आपली दाढी आपणच करतात. माहेरी गेले होते, तेव्हा त्यांच्याकडचेही तुकडे बांधून आणले."

"लेकी माहेरास्नं चोळी-बांगडी आणत्यात."

"आमच्या अण्णांकडून साबण मिळाला."

जोतीराम दारातून हसला. हवालदार हसला नाही. त्यानं तिच्या हातातली पळी घेतली आणि नाकाशी धरली. वाफेनं त्याच्या मिशा ओल्या झाल्या.

"आमचा अर्जुना लष्करात हाय," तो म्हणाला. "भरती झाला तवा म्याच साताऱ्याच्या बाजारात घेऊन दिला असला साबण. म्हनलं, पलटणीत न्हावी कुठनं गावायचा? सायबापुढं जायाचं तर तोंड साफ पायजे. आता तिकडं ब्रह्मदेशाच्या अंगाला असंल. दिवाळीपास्नं खबर न्हाई. त्याची आय रस्त्यानं जाणाऱ्या हर वर्दीवाल्याला इचारती, माझा पोरगा दिसला का?"

"येईल खबर," शकुंतला म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

"हवालदार, माळा ऱ्हायला," जोतीराम म्हणाला आणि त्यानं शिडीवर पाय ठेवला.

छबूनं वर बोट केलं.

"वल बुवा हाये."

 पातेल्यात एक बुडबुडा फुटला.

"कसला बुवा गं?" हवालदारानं विचारलं.

"जेवायला त्रास देते," शकुंतला घाईनं म्हणाली. "म्हणून भीती घातली आहे."

"बुवाला दाढी हाय का?" जोतीरामनं छबूला विचारलं आणि तो आणखी एक पायरी चढला. वरच्या फळ्यांच्या फटीतून धुळीची बारीक रेघ खाली उतरली. ती आपल्यालाच दिसली की हवालदारालाही, हे तिला कळेना. तो त्याच बाजूला बघत होता.

"उतर रं," हवालदार म्हणाला.

"पर आदेश..."

"आदेश मला हाय. सरपण हाय वर, दिसतंय हितनं. उगं पोर भिईल. आमच्या माळ्यावरबी व्हता एक बुवा. अर्जुना मिशी फुटंस्तवर त्याला भ्याला."

जोतीराम कुरकुरत उतरला आणि अंगणात गेला. हवालदार उंबऱ्याशी घुटमळला.

"बाई, ह्यातलं वाईच मला द्याल? घरी नेतो. अर्जुनाच्या आयला नुसता वास दिला तरी बरं वाटंल."

"गरम आहे. थिजायला वेळ लागेल."

"थिजू दे घरी."

तिनं एक करवंटी भरून दिली. सांडू नये म्हणून त्यानं ती दोन्ही हातांत धरली. बंदूकवाला शिपाई मागे आणि करवंटी घेतलेला हवालदार पुढे, असे ते गल्लीतून चालत गेले. ते कृष्णेच्या घाटाकडे वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिनं कडी लावली, छबूला खाली ठेवलं आणि शिडीपाशी आली.

वर काही हललं नाही.

"उतरा आता, अर्जुनराव," पलटणीतून पळालेल्या, मास्तरांनी आसऱ्याला धाडलेल्या त्या माणसाला ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुमच्या वडिलांनी माळा बघितला नाही."