टेपचं दुसरं टोक

"किचनची भिंत पाडू, काका. फक्त माप घेऊन ठेवा," मिस्त्री फोनवर म्हणाला. "टेपचं दुसरं टोक धराले घरात कोनी हाये ना?"

"हाये ना," वामनराव म्हणाले. त्यांच्या बायकोला, पद्मजाला, जाऊन दोन वर्षं झाली होती, पण मिस्त्रीपुढे रडगाणं कायले गायचं? घर नवं झालं की मुलगा अनिकेत दिवाळीला पुण्याहून आर्णीला राहायला येईल, एवढाच त्यांचा प्लॅन होता.

भर दुपारी त्यांनी टेपचं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि मागे सरकत दारापर्यंत आले. बारा फूट. तेवढ्यात टोक गजावरून निसटलं.

"धर ना नीट!" ते सवयीने ओरडले.

टेप खाली पडला नाही. कमरेइतक्या उंचीवर ताठ राहिला. माप बदललं नव्हतं, म्हणून त्यांनी आधी ते वहीत लिहून घेतलं.

मग पलीकडून दोन हलके झटके आले. धुतलेल्या साडीची दोघं मिळून घडी घालायचे, तेव्हा सुरकुत्या काढायला पद्मजा द्यायची, अगदी तसे. वामनरावांच्या हातानेही आपोआप दोन झटके दिले.

घडी घालताना यानंतर पद्मजा आपल्याकडची टोकं घेऊन त्यांच्याकडे चालत यायची.

टेप एकेका पावलाएवढा त्यांच्या हातातल्या डबीत शिरू लागला. अकरा फूट. दहा. नऊ.

घडी चुकू नये म्हणून वामनरावांनी हात पुढे केला.