नवसाचं मुंडण

"येतील, नाही असं नाही, पण खात्री देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या मुलाचंच रक्त काढून, ते यंत्रात घुसळून, वरचं पिवळं पाणी त्याच्या टकलात टोचायचं होतं. खात्री नाही म्हटल्यावर ही, म्हणजे माझी बायको, तिथेच हात जोडून खंडोबाला नवस बोलली, "केस आले तर मुंडण करू."

चार वेळा टोचल्यावर खरंच केस आले. तेव्हा हिला नवस आठवला. नेमकं त्याच आठवड्यात, रविवारी, मुलगी बघायला जायचं होतं.

"मुंडणच करायचं होतं तर आई, एवढं टोचून कशाला घेतलं?" मुलगा रडकुंडीला आला.

"देवाला शब्द दिलाय," ही म्हणाली. मग माझ्या दाट पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. "कुणाचं मुंडण, ते मात्र बोलले नव्हते."

रविवारी माझा तुळतुळीत गोटा बघून मुलीचे वडील हळहळले. "घरात कोण गेलं? आम्हाला कळवलंही नाही. दुखवट्यात बोलणी नकोत, वर्षभर थांबू."

वर्षभर केस टिकतील की नाही, याचीही डॉक्टरीणबाईंनी खात्री दिली नव्हती. मुलगा कासावीस झाला. शेवटी टोचण्यापासून मुंडणापर्यंत सगळं मी खरं सांगून टाकलं.

मुलगी कधीची हसू दाबत होती. ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, सासरे मला पसंत आहेत. आता मुलाशी जरा बोलून बघते."