गोळी न लागणारा शिपाई

धर्मपाल पोलिसात लागल्यापासून त्याच्या मायचा, सत्यभामेचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून सुटीवर आल्याआल्या त्याने मिशीवर ताव मारत सांगितलं, "माय, आता घोर सोड. मले चिलखती गाडीवर घेतलं. चहूकडून लोखंड, बंदुकीची गोळी बी आत शिरत नाही!" मायने घरोघर साखर वाटली. गाडीवर नेमकं काम काय, ते मात्र पठ्ठ्याने पोटातच ठेवलं.

पुढच्याच महिन्यात ती गाडी निवडणुकीच्या बंदोबस्ताला घाटंजीच्या भरल्या बाजारातून निघाली. लोखंडी पत्र्यातल्या बोटभर फटीतून ड्रायव्हरला रस्ता दिसेना, म्हणून एक शिपाई गाडीच्या पुढे, उघड्यावर, उलटा चालत हातवारे करत होता, "डावीकडं घ्या! बैल हाये, बैल!" हा शिपाई म्हणजे आपला धर्मपाल. मागे सरकता सरकता त्याची पाठ कोणाला तरी धडकली. वळून पाहतो तर डोक्यावर पाटी घेतलेली माय.

तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग घामाघूम झालेल्या लेकाकडे.



"बाबू, गाडी तुले वाचवन म्हनला होता ना? मले तं तूच तिले वाचवून राह्यला दिसते!"