इंजिनाला लावलेला कान

बाबांच्या बावीस वर्षांच्या गाडीने गॅरेजचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावली की बाबा तिचं दुखणं अचूक सांगत. आईच्या तक्रारींना मात्र तोच कान बहिरा, अशी थट्टा चाले. आज मुलीने किल्ली फिरवली आणि आठवडाभर छळणारी घरघर सुरू झाली. बाबा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिनावर वाकले नि हसले. "थांबली बघ आपोआप! उगाच गॅरेजचा धोशा लावला होतास." तेवढ्यात समोरच्या काकूंनी कपाळाला आठ्या घालून खिडकी आपटली. ते पाहून बाबांनी मूठ दुसऱ्या कानाला लावली, मग इंजिनावर तळहात ठेवला; इंजिनाबरोबर तोही थरथरत राहिला. शेवटी स्क्रूड्रायव्हर मुलीपुढे धरून म्हणाले, "तू ऐक. काय झालंय, मला सांग." तिने उतरून ऐकलं; पण सांगायचं तर सगळ्या गल्लीला कळेल इतकं ओरडावं लागणार होतं.