दिवस बुडाल्यावर

“याहीले दिवस बुडाला का दिसत नाई, डॉक्टरसाहेब.”

वच्छला एका दमात बोलून गेली. तिचा नवरा रूपराव चमकून तिच्याकडं पाहतच राहिला. तिला सातवा लागला होता. तिला दाखवायचं म्हणूनच तो सुटी काढून वर्ध्याच्या या दवाखान्यात आला होता.

“काम काय करता?” डॉक्टरांनी त्याला विचारलं.

“आर्वीची मोटार चालवतो. दिवसपाळीले.”

“शेठ रातपाळी देऊन राह्यले, पगार जास्त, तरी हे नाई म्हणते,” वच्छला म्हणाली. “काऊन, ते सांगत नाई. दिवस बुडायच्या आत हेच कंदील लावते. वाटेतला पाटा उचलून कोपऱ्यात ठेवला. उंबऱ्याले चुना फासला. दिवे लागल्यावर बाहीर निघालो का माहा हात सोडत नाई. मोटारीत लेकराबाळांची माणसं बसते, साहेब. थंडीत परतीले अंधार पडते. लायसन गेलं तर जाऊ द्या, मी वावरात निंदाले जाईन.”

“या पोटानं?” रूपराव पुटपुटला.

“तुम्ही बोलूच नका.”

“दिसत नसेल तर मला कळवावंच लागेल, लायसन थांबेल,” डॉक्टर म्हणाले. “पण घाबरू नका. रातांधळेपण बहुतेक वेळा खाण्यातल्या उणिवेनं येतं. औषध घेतलं, शेवग्याचा पाला खाल्ला, की जातं.”

त्यांनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले. दाराखालच्या फटीतून येईल तेवढाच उजेड राहिला. वच्छला पदराचं टोक पिळत बसली.

“रूपराव, माझ्या हातात काय आहे?”

“कैची.”

“आता?”

“बाटली. बूच नाई तिले.”

“आणि आता?”

“काईच नाई. दोन बोटं दाखवून राह्यले तुम्ही.”

डॉक्टर हसले. “डोळे ठणठणीत आहेत. खुशाल चालवा मोटार.”

वच्छलाच्या छातीवरचं ओझं उतरलं. रडता रडताच ती हसली. “बाई माय! एवढ्या काळोखात? मले तर तुम्हीच दिसून नाई राह्यले, साहेब.”

डॉक्टर तिच्याकडं वळले.

“बाई,” डॉक्टरांनी हळूच विचारलं, “आता माझ्या हातात काय आहे?”

“हात तरी कुठं दिसते?”

रूपरावानं नेहमीसारखा तिचा हात धरला.

“ही घाबरीन म्हणून बोललो नाई, साहेब,” तो म्हणाला. “ते औषध हिले द्या. मंग घेतो मी रातपाळी.”