रुंद बाह्यांचा झगा

नव्या मांचू बादशहाचा हुकूम होता, जुन्या मिंग राजवटीचा रुंद बाह्यांचा झगा घालेल त्याची मान उडेल. सूट फक्त रंगमंचावरच्या नटांना. म्हणून म्हाताऱ्या शेन गुरुजींनी शाळा सोडून नाटकमंडळी धरली. पहिल्या प्रयोगाला ते तो झगा घालून पडद्यामागे उभे होते. तिथे मुलगा धापा टाकत आला. “बाबा, नटाच्या मुलाला सरकारी परीक्षेला बसू देत नाहीत! माझा एवढा अभ्यास चुलीत घालू?” “मग सांग, उतरवू झगा?” मुलगा उत्तर देणार, तोच हवालदार आत शिरला. “हे तर शेन पंडित! नट कसले? खरं बोल पोरा, तुझी परीक्षा आहे पुढच्या महिन्यात.” मुलाने वडिलांच्या झग्याची चुरगळलेली बाही सरळ केली. “कसले पंडित, साहेब? नट आहेत. मी नटाचा मुलगा. घ्या लिहून. व्हा बाजूला, पडदा उघडतोय.”