पट्टी आवळल्याची वेळ

"आणि वेळ कोण लिहिणार? माझा काका?" मास्तरांनी विचारलं.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हशा पिकला. टेबलावर आडव्या पडलेल्या हवालदाराच्या मांडीवर वेल्डरबाईंनी रक्त थांबवायची पट्टी झकास आवळली होती, पण मार्कर खिशातच. पट्टी आवळली की जखमीच्या कपाळावर लगेच वेळ लिहायची, हा मास्तरांचा हेका. मास्तर आणि हवालदार दोघेही फौजेतून निवृत्त, एके काळी एकाच तुकडीतले. मास्तर तेव्हा तुकडीची मलमपट्टी बघायचे, आता कारखान्यांतून प्रथमोपचार शिकवायचे. हवालदार हौसेने प्रत्येक वर्गात जखमी व्हायचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता, म्हणून पट्टी कायम उजव्या मांडीवर.

"वेळ काय, लक्षात राहते की," वेल्डरबाई म्हणाल्या. "लिहायची कशाला उगाच?"

दर वर्गात कुणी ना कुणी हे विचारायचंच. 'नियम आहे' म्हणून मास्तर पुढे सरकायचे. आजही तेच तोंडाशी आलं होतं. पण हवालदार पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत होता.

"मी लिहिली नव्हती," ते म्हणाले. "सुरुंग फुटला तेव्हा याच्या पायाला पट्टी मीच बांधली. याला हेलिकॉप्टरने नेलं, मी मागे राहिलो. पट्टी कधीची, हे डॉक्टरांना कळेना. रक्त बंद होऊन फार वेळ झाला, पाय मेला, असं धरून त्यांनी तो कापला. वाचला असता तो. अकरा वर्षं हे कुणाला बोललो नाही. यालासुद्धा."

भांडी घासणाऱ्याने नळ बंद केला. आता हवालदार उठेल, काठी घेईल आणि तोंड फिरवून चालू लागेल, असं मास्तरांना वाटलं.

हवालदार कोपरावर रेलून उठला.

"मला हॉस्पिटलातच कळलं होतं. म्हटलं, कधीतरी बोलेल गडी. आणि काय रे, तुझ्या त्याच पट्टीने मी जिवंत राहिलो, ते नाही सांगत कधी?" मग तो पुन्हा ऐटीत आडवा झाला. "बाई, मार्कर द्या त्याला."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. हवालदाराच्या कपाळावर आकडे ठसठशीत उमटले. अकरा वाजून वीस मिनिटं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी कपाळ पुसायला ओला रुमाल पुढे केला. हवालदाराने तो बाजूला सारला आणि काठी उचलली.

"राहू दे. घरी दाखवायचंय."